चाळीस मिनिटांची ‘ब्लू रूम’ आणि ‘द ऑर्ब’चे निवडक संकलन

संथलय (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पावसाळ्यापूर्वीची आवराआवर करताना माळ्यावरच्या खोक्यात एक जुनी सीडी सापडली. ‘द ऑर्ब’ या इंग्लंडमधील इलेक्ट्रॉनिक वाद्यवृंदाचे ‘यू.एफ.ऑफ’ हे निवडक रचनांचे संकलन. ते 1998 साली निघाले आणि पुढच्या वर्षी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून मी ते विकत घेतले. घेण्याआधी तिथे हेडफोन लावून उभ्याउभ्या दोन रचना ऐकल्या होत्या आणि बाहेर आल्यावर फोर्टातला गोंगाट काही वेळ अनोळखी वाटला होता, हे अजून आठवते. ते दुकान 2016 साली बंद झाले. सीडीच्या डबीची बिजागरी तुटली आहे आणि आतल्या पुस्तिकेला दमट हवेने सुरकुत्या पडल्या आहेत, पण तबकडी मात्र अडखळत नाही. रविवारी रात्री ती पुन्हा पूर्ण ऐकली आणि एक जुनीच खंत नव्याने जागी झाली, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ॲलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी या दोघांनी 1988 साली ‘द ऑर्ब’ सुरू केले. पॅटरसन त्याआधी ‘किलिंग जोक’ या रॉक वाद्यवृंदाबरोबर सामानाची आणि वाद्यांची व्यवस्था पाहत हिंडत असत. पुढे त्यांनी ई.जी. रेकॉर्ड्स या कंपनीत काम केले. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या ध्वनिमुद्रिका त्याच कंपनीच्या असल्यामुळे ज्याला आपण ॲम्बियंट म्हणतो ते ठेक्यापेक्षा वातावरणावर भर देणारे संगीत त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होते. लंडनच्या ‘हेवन’ या नाइट क्लबमध्ये मुख्य दालनात नाचाचा धुमाकूळ चालू असे, आणि नाचून थकलेल्यांसाठी बाजूला एक खोली राखलेली असे. त्या खोलीत हे दोघे एकाच वेळी अनेक तबकड्या लावून, ठेका जवळजवळ काढून टाकून, पक्ष्यांचे आवाज, आकाशवाणीवरचे संवाद, पाण्याची खळखळ आणि सिंथेसायझरचे लांबलचक स्वर एकमेकांत मिसळत असत. हे संगीत त्या खोलीत जन्मले. ज्याला कुठेही जायची घाई नाही अशा श्रोत्यासाठी ते घडवलेले होते, आणि माझा सगळा मुद्दा याच गोष्टीवर उभा आहे.

1992 साली त्यांनी ‘ब्लू रूम’ नावाची रचना सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या रचनेची स्वतंत्र तबकडी म्हणून, बाजारात आणली. तिची लांबी चाळीस मिनिटांना दोन-तीन सेकंद कमी इतकी होती. एवढी लांब असूनही ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत ती आठव्या क्रमांकापर्यंत चढली, आणि त्या यादीत आलेली ती सर्वांत लांब सिंगल ठरली. ‘यू.एफ.ऑफ’ या संकलनात हीच रचना चार-पाच मिनिटांत आटोपली आहे.

त्या चार-पाच मिनिटांत बेसची (खर्जातल्या गिटारची) ओळ आहे, ते शब्दहीन स्त्रीस्वर आहेत, स्टीव्ह हिलेज यांची गिटारही आहे. नावे पुकारली तर सगळे हजर आहेत. पण त्या बेसची जी वाट पाहावी लागते, ती वाट पाहणे तिथे उरलेले नाही. माझ्या मते ती वाट पाहणे हाच त्या रचनेचा गाभा आहे. ज्या कलाकाराचे साहित्यच काळ आहे, त्याच्या कामातून काळ काढून घेतल्यावर मागे उरते त्याला ‘निवडक’ म्हणावे का, हा माझा प्रश्न आहे. आपणा सर्वांची मते सविस्तर वाचायला आवडतील.

---

दादर_धीमी

संथलय, धागा मनापासून आवडला, तरीही या संकलनाची बाजू मला घ्यावीशी वाटते, कारण माझी या संगीताशी ओळख त्याच्यामुळेच झाली.

2001 साली मी माटुंग्याला वसतिगृहात राहत होतो. खोलीतल्या मित्राच्या चुलतभावाने परदेशातून हीच सीडी आणली होती आणि मित्राने ती कॅसेटवर उतरवून घेतली होती. तोवर माझे ऐकणे म्हणजे भावगीते, नाट्यसंगीत आणि चित्रपटगीते. गाण्याला मुखडा असतो, अंतरा असतो आणि कोणीतरी काहीतरी म्हणत असते, एवढेच मला ठाऊक होते. त्या वयात कोणी चाळीस मिनिटांची रचना समोर ठेवली असती तर मी दहाव्या मिनिटाला उठून चहाला गेलो असतो. त्या कॅसेटवरच्या छोट्या रचनांनी मला धरून ठेवले, आणि तीन-चार महिन्यांनी मी स्वतःहून विचारले की याची लांब आवृत्ती कुठे मिळेल. घरात शिरायला उंबरठा लागतोच आणि उंबरठ्यावर कोणी संसार मांडत नाही, हे मला मान्य आहे. पण उंबरठाच नसता तर मी आत आलो नसतो.

आणखी एक गोष्ट. ‘लिटल फ्लफी क्लाउड्स’ ही 1990 सालची रचना मुळातच चार-साडेचार मिनिटांची आहे आणि ती कुठेही तोकडी वाटत नाही. म्हणजे ‘द ऑर्ब’ला थोडक्यात बोलता येत नव्हते असे नाही.

---

फितीवाला

अंधेरीच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत मी बावीस वर्षे संपादनाचे काम केले. सुरुवातीला चुंबकीय फीत पात्याने कापून चिकटपट्टीने जोडत असू, नंतर सगळे संगणकावर आले. त्या अनुभवावरून काही तांत्रिक गोष्टी मांडतो, कारण लांबी हा विषय जितका सौंदर्याचा आहे तितकाच माध्यमाचाही आहे.

मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या सात इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटे नीट मावतात. त्याहून जास्त भरायचे तर खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात. मग आवाजाची पातळी खाली येते, आणि बेसला तर सर्वांत आधी कात्री लागते, कारण खर्जातल्या आवाजाची खाच रुंद हेलकावे घेते. बारा इंची तबकडीवर जागा अधिक असते, तरी एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे गेल्यास दर्जा घसरतो. त्यामुळे चाळीस मिनिटांची अखंड रचना ऐकवणे खऱ्या अर्थाने शक्य झाले ते सीडीमुळे. सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटे मावतात. आता हिशेब करून पाहा. संकलनात ‘ब्लू रूम’ पूर्ण घातली तर उरलेल्या दहा वर्षांच्या कामासाठी चौतीस मिनिटे राहतात, आणि 1989 सालची त्यांची पहिली गाजलेली रचना तिच्या मूळ लांबीसह घेतली तर तबकडी जवळपास संपतेच. संकलन करणाऱ्यासमोरची ही अडचण खरी होती. संकलनाच्या दोन तबकड्यांच्या आवृत्तीतही सगळे मूळ लांबीत बसले नसते.

चाळीस मिनिटे हा आकडाही सहज आलेला नाही. ब्रिटनच्या यादीचा नियम असा होता की चाळीस मिनिटांपर्यंतचे ध्वनिमुद्रण सिंगल म्हणून धरावे आणि त्यापुढचे अल्बम म्हणून. पॅटरसन आणि त्या वेळचे त्यांचे सहकारी क्रिस वेस्टन यांनी ती मर्यादा काठोकाठ भरली. पुढे बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात हजेरी लावण्याची वेळ आली, तेव्हा काही मिनिटांचा तुकडा वाजत राहिला आणि हे दोघे कॅमेऱ्यासमोर बुद्धिबळाचा डाव मांडून शांतपणे खेळत बसले. वाजवण्याचा आव त्यांनी आणला नाही. संपादक म्हणून मला ते दृश्य फार प्रामाणिक वाटते, कारण तो तुकडा म्हणजे रचना नव्हे हे ते न बोलता सांगत होते.

---

कोमलरिषभ

या चर्चेत आपल्याकडचा दाखला आणल्यावाचून राहवत नाही, आणि तो विषयाला धरूनच आहे.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीने आपल्या गायकांपुढे हाच पेच टाकला होता. जी मंडळी मैफलीत एकेक राग तासभर उलगडत असत, त्यांना सांगितले गेले की तीन-साडेतीन मिनिटांत काय ते गा. केसरबाई केरकरांचे ‘जात कहाँ हो’ हे भैरवीतले ध्वनिमुद्रण साडेतीन मिनिटांचे आहे. 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात पाठवली गेली, तिच्यात त्याची निवड झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात, याने निघून काही दिवसच झाले असताना, केसरबाई मुंबईत निवर्तल्या. ते साडेतीन मिनिटांचे गाणे ऐकताना एखाद्या मोठ्या मैफलीचा तुकडा आपण ऐकत आहोत असे एकदाही वाटत नाही. पहिल्याच आवर्तनात स्वर भरून येतो, तान कुठे घ्यायची आणि कुठे आवरायची याचा निर्णय आधीच झालेला असतो, आणि समेवर येताना घाई जाणवत नाही.

मग फरक कुठे आहे? माझ्या समजुतीप्रमाणे केसरबाईंनी लांब गाणे कापले नाही, साडेतीन मिनिटांसाठी वेगळे गाणे बांधले. ‘ब्लू रूम’च्या बाबतीत मात्र आधी चाळीस मिनिटांचे तयार झाले आणि मागाहून त्याच्यावर कात्री चालली. कापणे आणि बांधणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. शिवणकाम करणारे कोणीही सांगेल की मोठ्या माणसाचा सदरा कापून लहान मुलाला शिवला तर खिसा भलत्याच जागी येतो.

---

संथलय

कोमलरिषभ, ‘कापणे’ आणि ‘बांधणे’ हा भेद आपण माझ्या हाती दिलात याबद्दल मी ऋणी आहे. गेली वीस-पंचवीस वर्षे जी गोष्ट मला बोचत होती तिला हवे ते शब्द मिळाले.

आता या कसोटीवर तेच संकलन पुन्हा लावून पाहिले, आणि माझे सरसकट मत मला थोडे बदलावे लागते आहे. दादर_धीमी म्हणतात ते ‘लिटल फ्लफी क्लाउड्स’बद्दल अगदी खरे आहे. ती बांधलेली रचना आहे. तिच्यात गायिका रिकी ली जोन्स यांचा एका मुलाखतीतला आवाज आहे. त्या आपल्या लहानपणच्या आकाशाबद्दल बोलत आहेत आणि त्या बोलण्यातले चढउतार हीच रचनेची चाल झाली आहे. मागे स्टीव्ह राइश यांच्या ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’मधली, पॅट मेथनी यांनी वाजवलेली गिटारची गुंफण आहे, आणि एनियो मोरिकोने यांच्या चित्रपटसंगीतातली हार्मोनिकाची हाक आहे. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा तीन ठिकाणांहून आणलेले धागे इतक्या घट्ट विणले आहेत की त्यातला एकही लांबवता किंवा आखडता येत नाही.

1997 सालची ‘टॉक्सिजीन’ही तशीच. फ्रान्सचे संगीतकार जाँ-मिशेल जार यांच्या एका रचनेची नवी आवृत्ती करण्याचे काम ‘द ऑर्ब’कडे आले होते. त्यांनी मूळ रचना इतकी मोडून टाकली की ते काम नाकारले गेले. मग त्यांनी तेच स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले आणि ते यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. त्यांच्या कुठल्याही सिंगलला याहून वरचे स्थान मिळाले नाही. ती रचना संकलनात ऐकताना मला काहीही हरवल्यासारखे वाटत नाही.

तेव्हा माझी तक्रार आता नेमकी झाली आहे. बांधलेल्या रचना आणि कापलेल्या रचना एकाच रांगेत बसवल्या आहेत आणि ऐकणाऱ्याला दोहोंतला फरक कळायला पुरेसा मार्ग ठेवलेला नाही. पुस्तिकेत कापलेल्या आवृत्तीला तसे म्हटलेले असते, पण मूळ लांबी किती हे शेजारी छापले असते तर नवख्या श्रोत्याला पुढचा रस्ता सापडला असता.

---

गिरगावकर

मला एका मुद्द्यावर मतभेद नोंदवायचा आहे. कात्री नेहमी बाहेरून येते असे आपण गृहीत धरत आहात. ‘द ऑर्ब’ हे मुळात कात्रीचेच कलाकार आहेत. दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा काढायचा, तो वेगळ्या संदर्भात ठेवायचा, त्यावर घुमारा चढवायचा, ही त्यांची पद्धत. एकाच रचनेच्या त्यांनी आठ-दहा आवृत्त्या केल्या आहेत. 1989 सालच्या त्या लांबलचक नावाच्या रचनेची (‘अ ह्यूज एव्हर ग्रोइंग पल्सेटिंग ब्रेन दॅट रूल्स फ्रॉम द सेंटर ऑफ द अल्ट्रावर्ल्ड’) एक आवृत्ती त्यांनी बीबीसीचे निवेदक जॉन पील यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी वाजवली ती वीस मिनिटांची, तबकडीवरची निराळी, मंचावरची आणखी निराळी. मिनी रिपर्टन यांच्या ‘लव्हिन यू’ या गाण्यातला आवाज आधी वापरला होता, त्याला हरकत घेतली गेल्यावर तशाच गळ्याच्या दुसऱ्या गायिकेकडून तो भाग गाऊन घेतला. मग मूळ कुठले म्हणायचे? ज्याला एकच मूळ रूप नाही त्याच्याबाबत छोट्या रूपाला अपूर्ण म्हणणे मला पटत नाही. एखादी ओवी दर घरी जात्यावर थोडी वेगळी म्हटली जाते, तसे हे आहे.

---

कोमलरिषभ

गिरगावकर, ओवीचा दाखला सुंदर आहे आणि त्यामुळे मला माझे म्हणणे तपासून घ्यावे लागले. आवृत्त्या अनेक असू शकतात हे मान्य. मीही मालकंस दर वेळी तोच गात नाही. तरीही अमुक एका आवृत्तीत तिचा स्वतःचा श्वास आहे की नाही, हे ऐकून कळतेच. पील यांच्या कार्यक्रमातली वीस मिनिटे त्याच वेळी, त्याच जागी घडली आहेत, त्यांना स्वतःची चाल आहे. ‘ब्लू रूम’ची संकलनातली छोटी आवृत्ती ऐकताना मात्र बेस स्थिरावला न स्थिरावला तोच शेवटाकडे जाणारा आवाज ओसरू लागतो. मैफलीत बडा ख्याल नुकता रंगू लागावा आणि आयोजकाने घड्याळ दाखवावे, तसे ते मला वाटले.

---

आकाशमोगरी

मी या चर्चेतली सर्वांत नवखी आहे. वय तेवीस, राहणार डोंबिवली. घरी सीडी वाजवायला यंत्रच नाही, सगळे ऐकणे मोबाइलवर. हा धागा वाचून काल ‘द ऑर्ब’ शोधले तर सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या पाच रचनांची यादी आधी समोर आली. म्हणजे माझ्या पिढीला प्रत्येक कलाकाराचे निवडक संकलन आपोआप मिळते, आणि ते कोणा जाणकाराने नाही तर मोजणीने केलेले असते. त्या यादीत लांब रचना क्वचितच वर येतात, कारण छोटी रचना एका तासात दहा वेळा ऐकता येते आणि लांब रचना एकदाच. 1998 सालच्या त्या संकलनामागे निदान कोणीतरी बसून क्रम ठरवला असेल, हा विचार मला आश्वासक वाटला.

दोन प्रश्न आहेत. एक, आपण सगळे ‘बेस’बद्दल इतके बोलत आहात, मला तो मोबाइलच्या स्वस्त इअरफोनवर फारसा ऐकूच आला नाही. माझ्या ऐकण्यात चूक होते आहे का? दोन, संकलन बाजूला ठेवून सुरुवात करायची असेल तर कुठून करावी?

---

फितीवाला

आकाशमोगरी, आपल्या ऐकण्यात काहीही चूक नाही. ‘ब्लू रूम’मधला बेस जाह वॉबल यांनी वाजवलेला आहे आणि त्यांची सगळी कमाई खालच्या सप्तकात आहे. कानात सैल बसणाऱ्या लहान इअरफोनमधून खर्ज निसटून जातो. रबरी बोंड कानात घट्ट बसवून पाहा, निम्मा फरक तिथेच पडेल. शक्य असेल तर कोणाकडे तरी बऱ्यापैकी स्पीकर असतील तिथे एकदा ऐका. ‘द ऑर्ब’वर जमैकाच्या डब संगीताचा मोठा संस्कार आहे. डब म्हणजे तयार गाण्यातून गायन आणि इतर वाद्ये काढून घेऊन बेस आणि ड्रम पुढे आणायचे, आणि मधूनच एखादा शब्द किंवा गिटारचा झटका प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. सत्तरच्या दशकात किंगस्टनमध्ये किंग टबी यांनी ध्वनिमिश्रणाचे टेबल एखाद्या वाद्यासारखे वाजवून हे शास्त्र घडवले. ‘द ऑर्ब’ने त्या पायावर ईनो यांचे तरंगते स्वर ठेवले. ईनो यांच्या 1978 सालच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये पाया जवळजवळ नसतोच, सगळे अधांतरी असते. इथे वर ढग आणि खाली जमीन, दोन्ही आहेत. म्हणूनच खालचा भाग ऐकू न येणे म्हणजे अर्धी रचना न ऐकणे.

माझ्याकडून सल्ला असा की 1991 सालचा ‘ॲडव्हेंचर्स बियाँड द अल्ट्रावर्ल्ड’ हा पहिला अल्बम घ्यावा, पण ब्रिटनमधील दोन तबकड्यांची आवृत्ती पाहून घ्यावा. अमेरिकेत तो एकाच तबकडीत बसवण्यासाठी आखडला गेला होता. तिथेही कात्रीच.

---

दादर_धीमी

त्यानंतर 1992 सालचा ‘यू.एफ.ऑर्ब’. तो ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता. त्यात ‘ब्लू रूम’ साडेसतरा मिनिटांची आहे. चाळीस आणि चार यांच्यामधला हा मुक्काम नवख्या श्रोत्याला सोयीचा पडतो, आणि मला स्वतःला ती आवृत्ती बांधलेली वाटते, कापलेली नाही.

---

गिरगावकर

मुंबईचे नाव या विषयाशी एका वेगळ्या वाटेने जोडलेले आहे आणि ते इथे नोंदवून ठेवतो. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली आपल्या याच शहरात ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही लाँग प्ले तबकडी केली. रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रे, ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808, एकमेकांना जोडून त्यांनी भैरव, ललत, यमन असे दहा राग वाजवले. त्या वेळी ती तबकडी फारशी कोणी विचारली नाही. 2010 साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा पाश्चात्त्य श्रोते थक्क झाले, कारण शिकागोमध्ये ज्या टीबी-303 वर पुढे ‘ॲसिड हाउस’ हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहिला, तेच यंत्र त्याआधी काही वर्षे मुंबईत भैरव वाजवत होते. ‘द ऑर्ब’ ज्या खोलीत घडले तिच्या शेजारच्या दालनात हाच ‘ॲसिड हाउस’ दणाणत होता, हे लक्षात घेतले म्हणजे नाते कळते.

आपल्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की ते दहाही राग सुमारे पाच-पाच मिनिटांचे आहेत, आणि ते कापलेले नाहीत. सिंगसाहेबांनी आलापी मोजकी ठेवून ठेक्याच्या चौकटीत राग बांधला आहे. कोमलरिषभ यांच्या कसोटीवर ही तबकडी उतरते असे मला वाटते. त्यांनी ऐकून मत द्यावे.

---

कोमलरिषभ

ऐकली. भैरवातला कोमल ऋषभ मी आधी शोधला, कारण तो आंदोलित लागतो आणि यंत्रावर तो सपाट होईल अशी धास्ती होती. स्वराला हेलकावा देण्यासाठी त्यांनी सिंथेसायझरवर जे काही केले आहे ते पुरेसे बोलके आहे, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची टीबी-303 ची सवय मींडेच्या कामाला आली आहे. माझ्या गुरुजींना कदाचित रुचणार नाही, तरी मला ती तबकडी बांधलेली वाटते आणि मी ती पुन्हा ऐकणार आहे.

---

संथलय

सर्वांचे आभार. फितीवाला यांच्या हिशेबावर विचार करताना मला एक मार्ग सुचला. ‘द ऑर्ब’ची पंचवीस वर्षे झाली तेव्हा, 2013 साली, ‘हिस्टरी ऑफ द फ्यूचर’ हे अनेक तबकड्यांचे मोठे संकलन निघाले, आणि त्यात जागा भरपूर असल्यामुळे एकल गीते, निराळ्या आवृत्त्या आणि मंचावरची ध्वनिमुद्रणे यांची वेगवेगळी मांडणी करता आली. ॲम्बियंट संगीताचे निवडक संकलन करायचेच तर ते असे ऐसपैस असावे, किंवा मग एका तबकडीवर तीनच रचना घ्याव्यात पण पूर्ण घ्याव्यात. दहा रचनांची चव देण्यापेक्षा तीन रचनांचे जेवण वाढावे, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

एक प्रयोगही केला, तो सांगतो. गुरुवारी कचेरीत उशीर झाला. दादरहून रात्री अकरानंतरची ठाण्याची धीमी गाडी पकडली. या प्रवासाला साधारण चाळीस मिनिटे लागतात, म्हणून गाडी हलताच ‘ब्लू रूम’ सुरू केली, पूर्ण लांबीची. डब्यात सात-आठ माणसे होती. माटुंगा, शीव येईपर्यंत काहीच घडत नाही असे वाटत होते, पंख्याची घरघर आणि सिंथेसायझरचा लांब स्वर एकमेकांत मिसळून गेले होते, आणि समोरच्या बाकावर एक फूलवाली उरलेल्या गजऱ्यांवर ओला पंचा पसरत होती. कुर्ल्याला माणसे चढली-उतरली. बेस जेव्हा आला तेव्हा तो आधी कानांना नाही, खिडकीच्या गजाला टेकलेल्या कोपराला जाणवला असे वाटले. गाडीचा हादरा कोणता आणि जाह वॉबल यांचा स्वर कोणता हे घाटकोपरपर्यंत मला वेगळे करता आले नाही. पुढे विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप ही स्थानके रचनेनेच एकामागून एक काढून दाखवावीत तशी गेली. ज्या रस्त्याने मी एकोणीस वर्षे येतो-जातो, तिथे मुलुंडच्या आधी गाडी किंचित वळते हे मला पहिल्यांदा कळले.

संकलनातली आवृत्ती लावली असती तर ती शीव यायच्या आत संपली असती.

---

आकाशमोगरी

संथलय काका, आपला प्रयोग वाचून मी काल रात्री घरीच ऐकायला बसले. दादाचे स्पीकर मागून घेतले. आईने दोनदा दार उघडून विचारले की गाणे कधी सुरू होणार आहे. सोळाव्या मिनिटाच्या सुमारास ती आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि मेथी निवडू लागली. रचना संपली तेव्हा जुडी निवडून झाली होती, आणि तरीही ती लगेच उठली नाही. मग म्हणाली, यातलं ते बाईंचं ‘आ’ पुन्हा लाव. ते नेमके कितव्या मिनिटाला आहे हे मला सापडेना, म्हणून आम्ही पुन्हा पहिल्यापासून लावले.